अकरा ते एक

जोडून सुट्ट्या आल्या की अलिबागजवळच्या नागाव-आक्षी पट्ट्यात सकाळी अकराच्या सुमारास बंगल्यांची फाटकं एकामागोमाग उघडतात आणि मुंबई, ठाणे, पुणे पासिंगच्या गाड्या बाहेर पडू लागतात. पुढची मंडळी एक वाजता यायची असतात. काही जण मांडव्याला बोटीतून उतरून साडेबारालाच फाटकाशी पोचतात आणि फोन लावतात, ‘दादा, रूम तयार आहे ना?’ मधल्या दोन तासांत तीन-चार खोल्या, तेवढीच बाथरूम, स्वयंपाकघर, पडवी, अंगण असं सगळं होतं तसं करून ठेवायचं असतं. पाहुणे घाण करून जातात ही बंगलेमालकांची तक्रार जुनी आहे आणि खरी आहे. पण त्या घाणीची किंमत मालकाच्या वहीत फार थोडी उतरते. ती मोजते या दोन तासांत वाकलेली बाई. जवळच्या आगरी-कोळी वस्तीतून किंवा डोंगराकडच्या कातकरी वाडीवरून ती येते, बहुतेक ठिकाणी रोजावर असते आणि घर स्वच्छ सापडो की उकिरडा झालेला सापडो, तिचा रोज तोच राहतो.

नागाव, आक्षी, किहीमपासून खाली काशीद आणि दिवेआगरपर्यंत घरं आणि बंगले भाड्याने देणाऱ्या, सांभाळणाऱ्या, झाडणाऱ्या माणसांशी या लेखासाठी बोलणं झालं. धंद्याला बाधा नको म्हणून नावं छापू नका, असं बहुतेकांनी सांगितलं.

दार उघडल्यावर आधी वास येतो, हे सगळ्याच बायका सांगतात. बंद खोली, रात्रभर चाललेला आणि निघताना तसाच सोडलेला एसी, सांडलेली बिअर, चिकनला लावून उरलेल्या मसाल्याचं उघडं भांडं. उशीच्या अभ्र्यांवर काजळ आणि लिपस्टिक. पांढऱ्या टॉवेलने पुसलेले बूट. पलंग आणि भिंतीच्या फटीत चिप्सची पाकिटं आणि सिगारेटची थोटकं. बाजारातून हौसेने आणलेली सुरमई नाहीतर कोळंबी बाथरूमच्या बेसिनमध्ये साफ केलेली असते. खवलं, कोळंबीची टरफलं आणि आंघोळीबरोबर आलेली समुद्राची वाळू मोरीच्या जाळीत बसते, त्यावर साबणाचा थर चढतो आणि पाणी तुंबतं. वाळूचं दुखणं किनाऱ्यावरच्या घरांना कायमचं आहे. ती झाडून संपत नाही, फडक्याने पुसली तर लादीवर ओरखडे काढते आणि वॉशिंग मशीनमध्ये गेली तर मशीनचा पंप धरते.

डागांमध्ये सगळ्यात वाईट हळदीचा. पूर्वी तो रश्शाचा असायचा, चादरीवर बसून जेवल्यामुळे पडलेला. आता समुद्रकाठच्या बंगल्यांत लग्नाच्या आदल्या दिवसाची हळद करायची पद्धत आली आहे. शेणाने सारवलेल्या मांडवात हळद लागायची तेव्हा ती जमिनीत मुरली तरी कुणाचं काही बिघडत नव्हतं. तीच हळद पांढऱ्या सोफ्यावर, रंगवलेल्या भिंतीवर आणि सच्छिद्र जांभ्यावर पडली की वर्षभर राहते. शिवाय हळदीचा स्वभाव असा की साबण लागला की ती पिवळ्याची लाल होते. नवी बाई घाबरून आणखी साबण घासते आणि डाग आत ढकलते. जाणत्या बायका थंड पाण्याने धुऊन चादर कडक उन्हात टाकतात, कारण हळदीचा रंग उन्हात विटतो. पण अकरा ते एकमध्ये ऊन खायला वेळ नसतो आणि पावसाळ्यात ऊनच नसतं. मग तेवढ्यापुरती कपाटातली दुसरी चादर निघते आणि डागाळलेल्या चादरींचा ढीग वाढत जातो.

पोहण्याच्या हौदाचं गणित वेगळं. काठावर बसून बिअर पिताना एक बाटली हौदात फुटली, तर काच पाण्यात दिसत नाही आणि जाळीत येत नाही. सगळं पाणी काढावं लागतं. वीस फूट लांब, दहा फूट रुंद आणि चार फूट खोल अशा साध्या हौदातही साडेबावीस हजार लिटर पाणी असतं. मे महिन्यात गावातल्या विहिरी तळ गाठतात तेव्हा हे पाणी टँकरने येतं, त्याच रस्त्याने आणि त्याच धुळीतून, जिथे बायका हंडे घेऊन उभ्या असतात. एका फुटलेल्या बाटलीपायी एवढं पाणी ओतून द्यावं लागतं, हे ती फोडणाऱ्याला कुणीही सांगितलेलं नसतं. बाटली फुटली हेच मुळात तो सांगत नाही. सकाळी एखाद्या मुलाचा पाय कापतो तेव्हा ते कळतं.

आता संडासाबद्दल लिहायला हवं, कारण मालक यावर बोलायला लाजतात आणि काम करणाऱ्यांना बोलायची मुभा नसते. कोकणातल्या गावांत शहरासारखी गटारवाहिनी नाही. प्रत्येक घराची सेप्टिक टाकी आणि शोषखड्डा त्याच्याच परसात असतो, बऱ्याचदा नारळ-सुपारीच्या वाडीला आणि विहिरीला लागून. टाकी चार-पाच माणसांच्या घराच्या हिशेबाने बांधलेली असते आणि शनिवारी तिच्यावर पंधरा माणसं येतात. त्यात सॅनिटरी पॅड, बाळाचे डायपर, ओले वाइप्स आणि कंडोम कमोडमधून ढकलले जातात. यातलं काही कुजत नाही. पॅड पाणी पिऊन फुगतं आणि पाइपच्या वळणावर अडकतं. मग चेंबर उघडावं लागतं. २०१३ च्या कायद्याने हाताने मैला उचलण्याची कामं देणं गुन्हा ठरवलं आहे आणि संरक्षक साधनांशिवाय सेप्टिक टाकीत माणूस उतरवायलाही बंदी आहे. पण ऐन सुट्टीत, पुढचे पाहुणे वाटेत असताना मैला उपसणारी गाडी तालुक्याच्या गावाहून यायला वेळ लागतो आणि कुणीतरी दंडापर्यंत हात घालून ते ओढून काढतो. तो माणूस कोणत्या वस्तीतून येतो हे महाराष्ट्रात कुणाला सांगावं लागत नाही. घनकचऱ्याच्या नियमांत वापरलेलं पॅड किंवा डायपर नीट गुंडाळून वेगळं द्यायचं, असं स्पष्ट लिहिलं आहे. त्यासाठी लागतो तो कागदाचा एक तुकडा आणि कमोडशेजारी झाकणाची बादली. गेल्या गेल्या बाथरूममध्ये ती बादली आहे का हे बघावं. बऱ्याच घरांत ती नसते, आणि तिथे दोष पाहुण्याचा निम्माच आहे.

हे सगळं इतकं कधी वाढलं? बोलताना बहुतेकांचं बोट बोटीकडे जातं. मुंबईच्या गेटवेहून लाँचने मांडव्याला येणारा माणूस हातात मावेल तेवढंच सामान आणायचा, आणि पावसाळ्यात लाँचच बंद असायच्या, त्यामुळे गावाला तेवढे दिवस उसंत मिळायची. मार्च २०२० मध्ये भाऊच्या धक्क्यावरून मांडव्यापर्यंत रो-रो सुरू झाली आणि गाडी बोटीत चढू लागली. गाडीबरोबर डिकी आली. डिकीत बिअरचे क्रेट, बर्फाची पेटी, कोळशाची शेगडी, स्पीकर आणि कुत्रा आला. जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू खुला झाल्यावर रस्त्यानेही अंतर आटलं. सकाळी ठरवून दुपारी पोचता येतं, आणि जे सहज पोचतात ते सहज निघतातही. मुक्काम दोन दिवसांचा एका रात्रीवर आला. एका रात्रीच्या मुक्कामात पाहुणा घराशी ओळख करून घेत नाही. केर कुठे टाकायचा हे विचारण्याआधीच निघायची वेळ होते. त्यातून मालकालाही आठवड्यात दोनाऐवजी तीन-चार वेळा घर पालटून द्यावं लागतं.

मालक बोलत का नाहीत, याचंही कारण आहे. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ अलिबाग-श्रीवर्धनच्या किनाऱ्यावर आदळलं तेव्हा दिवेआगर-श्रीवर्धनच्या सुपारीच्या वाड्या आडव्या झाल्या. सुपारीचं नवं रोप हाती यायला पाच-सात वर्षं जातात. ज्यांच्या घरामागे पाहुण्यांसाठी दोन खोल्या होत्या त्यांना तेवढाच आधार उरला. अशा घरातली बाई पाहुण्याला ‘अंथरुणावर जेवू नका’ असं म्हणायला कचरते. फोनवरच्या अभिप्रायातल्या चांदण्यांची भीती असते. एक चांदणी कमी झाली तर पुढच्या महिन्याचं बुकिंग शेजारच्याकडे जाईल असं तिला वाटतं, आणि ती गप्प राहून धुते.

तरी याच किनाऱ्यावर वेगळं चित्रही आहे. रत्नागिरी जिल्ह्यात मंडणगड तालुक्यातलं वेळास हे नाना फडणवीसांचं गाव. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने २००२ पासून तिथे ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी राखायला सुरुवात केली आणि २००६ पासून कासव महोत्सव भरू लागला. पिल्लं समुद्रात जाताना बघायला शहरातून माणसं येतात आणि गावकऱ्यांच्या राहत्या घरात उतरतात. माजघरात नाहीतर पडवीत गाद्या घालून झोपायचं, घरचंच जेवायचं. आपण झोपलो त्या खोलीतून सकाळी घरातली मुलगी शाळेला निघते. आपलं ताट जिथे ठेवायचं तिथे घरची आजी बसलेली असते. अशा घरात वेफर्सची पाकिटं पलंगाखाली जात नाहीत. माणसं तीच, त्याच शहरांतून आलेली. कदाचित मागच्याच महिन्यात एखाद्या बंगल्यात त्यांनी सोफ्यावर केक फासला असेल.

माझ्या मते या प्रश्नाचं मूळ इथेच आहे. पाहुणा जात्या घाणेरडा नसतो. ज्या घरात झाडणारा माणूस त्याला दिसत नाही, त्या घरात तो घाण करतो. ‘प्रायव्हेट व्हिला, नो डिस्टर्बन्स’ या जाहिरातीचा अर्थच हा आहे की किल्ली घ्या, काम करणारं कुणी तुमच्या नजरेला पडणार नाही. केअरटेकर मागच्या खोलीत, बाई फाटकाबाहेर. ती येते तेव्हा पाहुणे गेलेले असतात. तिने काय उचललं हे त्यांना कधी कळत नाही.

आणि हे न दिसणं आपल्या समाजाला नवं नाही. आपलं उष्टं दुसऱ्याने उचलावं, आपला संडास तिसऱ्याने धुवावा आणि त्या माणसांनी मागच्या दाराने यावं, ही पिढ्यान्‌पिढ्यांची सवय आहे. पैसे मोजले की ती सवय हक्कासारखी वागू लागते. ‘एवढे पैसे भरलेत, मग आम्ही का आवरायचं?’ हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक मालकाने ऐकलेला आहे. याला उत्तर द्यायला गाडगेबाबांची आठवण पुरेशी आहे. १९५६ साली गेलेला हा माणूस आयुष्यभर गावोगावी पाहुणा म्हणूनच गेला. गावात शिरल्यावर आधी खराटा हातात घ्यायचा, रस्ते झाडायचे आणि मग रात्री कीर्तनाला उभं राहायचं. पंढरपूर, आळंदी, देहू, नाशिक इथे त्यांनी लोकवर्गणीतून धर्मशाळा उभ्या केल्या. त्यांच्या नावाचं ग्रामस्वच्छता अभियान राज्य सरकारने २०००-०१ पासून चालवलं आणि कित्येक गावांनी त्यात बक्षिसं मिळवली. त्याच महाराष्ट्रात भाड्याच्या घरातला आपला केर गोळा करणं ही मानहानी वाटावी, याचं मला वाईट वाटतं.

मालकांचीही बाजू मात्र धुतल्या तांदळासारखी नाही. तीन खोल्यांच्या घरात पंचवीस माणसं घेणारा मालक घाणीबद्दल रडतो तेव्हा त्याची कीव करता येत नाही. इतक्या माणसांना एक कचऱ्याची बादली, तीही ओट्याखाली लपवलेली. ओले कपडे वाळत घालायला दोरी नाही, म्हणून ओला टॉवेल गादीवर पडतो आणि गादी आतून कुजते. समुद्रावरून आल्यावर पाय धुवायला बाहेर नळ नाही, म्हणून वाळू पलंगापर्यंत जाते. थर्माकोलच्या ताटल्यांवर राज्यात मार्च २०१८ पासून बंदी आहे, पहिल्या वेळी पाच हजार, दुसऱ्या वेळी दहा हजार आणि नंतर पंचवीस हजार रुपये दंड व तीन महिने कैद अशी शिक्षा आहे. तरी भांडी घासायला नकोत म्हणून काही ठिकाणी मालकच त्या पुरवतात. रात्रीच्या वाऱ्याने त्या सुरूच्या बनात जातात. पिशवीत भरून फाटकाशी ठेवलेला केर घंटागाडी येण्याआधी कुत्री आणि कावळे विस्कटतात, आणि काही बंगल्यांचा केर तर मागच्या शेतात जाळला जातो. त्याचा दोष पाहुण्यावर टाकता येणार नाही.

गोव्याने कायद्याचा बडगा उचलून पाहिला. पर्यटनस्थळी उघड्यावर दारू पिणं आणि स्वयंपाक करणं यासाठी २०१९ च्या दुरुस्तीने एकट्याला दोन हजार आणि टोळक्याला दहा हजार रुपये दंड ठेवला. किनाऱ्यावर त्याचा उपयोग असेल. भिंतीआडच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये पोलीस केर मोजायला येत नाहीत.

उरतं डिपॉझिट. बंगल्यांच्या धंद्यात भांडणं होतात ती यावरच. पैसे कापले तर पाहुणा म्हणतो, डाग आधीचाच होता. एअरबीएनबीसारख्या ठिकाणाहून बुकिंग असेल तर नुकसानीची मागणी पाहुणा गेल्यापासून चौदा दिवसांत पुराव्यासह करावी लागते. तिथे दोघांचे अभिप्राय दोघांनी लिहीपर्यंत किंवा मुदत संपेपर्यंत झाकलेले असतात, त्यामुळे बदल्याची भीती थोडी कमी असते. पण अलिबागकडचं पुष्कळसं बुकिंग एजंटच्या व्हॉट्सअॅपवरून होतं. तिथे कागद नसतो, फोटो नसतात, नुसता आरडाओरडा असतो. किहीमकडच्या एका मालकीणबाईंनी यावर साधा उपाय केला आहे. पाहुणे आल्याबरोबर त्या त्यांच्यातल्याच एकाला बरोबर घेऊन घरभर फिरतात आणि त्याच्याच मोबाइलवर खोल्यांचा व्हिडिओ काढायला लावतात. पुरावा पाहुण्याच्या खिशात राहतो आणि वाद तिथेच मिटतो. फिरताना त्या सफाई करणाऱ्या बाईंचं नाव सांगतात: उद्या अकराला आमच्या अमुक मावशी येतात, त्या एकट्याच आवरतात, एवढं सांभाळा. मावशी त्या वेळी घरात असतील तर पाहुण्यांशी बोलतात, मुलांची चौकशी करतात. हे सुरू केल्यापासून घर पुष्कळ चांगलं सापडतं, असं त्यांचं म्हणणं आहे. वेळासच्या माजघरात जे आपोआप होतं तेच त्या बंगल्यात मुद्दाम घडवतात.

भिंतभर पाट्या लावणाऱ्या घरांचा अनुभव उलटा आहे. पंधरा नियम आणि प्रत्येकापुढे दंडाचा आकडा वाचला की माणूस पाचशे रुपये भरून घाण करायची परवानगी विकत घेतल्यासारखा वागतो. पाटी हवीच असेल तर दोन ठिकाणी हवी. एक कमोडच्या वर, त्यात काय टाकायचं नाही ते मराठीत आणि हिंदीत मोठ्या अक्षरांत. दुसरी स्वयंपाकघरात, ओला आणि सुका केर कुठे, आणि मासळीची घाण कुठे. काशीदला एका घरात अंगणातल्या नळापाशी मासे साफ करायला पाट, कोयता आणि झाकणाची बादली ठेवली आहे. बेसिनमध्ये मासे साफ करू नका असं तिथे कुणी सांगत नाही, सांगायची गरज पडत नाही. मेकअप पुसायला आणि हळदीसाठी गडद रंगाचे वेगळे टॉवेल देणं, पायपुसणं काथ्याचं ठेवणं, निघायच्या दिवशी सकाळी आठला चहा घेऊन जाताना रिकाम्या पिशव्याही नेणं, या सगळ्याला फार पैसे लागत नाहीत.

मला एक गोष्ट मात्र प्रत्येक मालकाला निक्षून सांगायची आहे. जादा सफाईचे म्हणून पाहुण्याकडून जे पैसे कापले जातात ते सफाई करणाऱ्या बाईच्या हातात गेले पाहिजेत. ज्यांच्याशी बोलणं झालं त्यातल्या बहुतेक बायकांना असे पैसे कापले जातात हेच ठाऊक नव्हतं. हौदाची काच तिने वेचली, ओकारी तिने पुसली आणि त्याची भरपाई दुसऱ्याच्या खात्यात गेली, हा अन्याय पाहुण्याने केलेला नाही. तिला हातमोजे, गमबूट आणि लांब दांड्याचा मॉप देणंही मालकाचंच काम आहे. दोन तास पुरत नसतील तर चेक-इन दोनला न्यावं. हॉटेलांत दोन आणि तीनचं चेक-इन लोक निमूट पाळतात.

दिवाळीच्या सुट्टीत वाचकांपैकी कितीतरी जण असं एखादं घर घेऊन राहतील. निघायच्या आधी अर्धा तास ठेवावा. चादरी काढून एका जागी, ओले टॉवेल वेगळे, गादीवर ओलं काही नको. उरलेलं अन्न एका भांड्यात. आवरणाऱ्या मावशींना ते न्यायचं आहे का हे आदल्या रात्री, ताजं असताना, आदराने विचारावं, नासल्यावर नव्हे. फुटलेली काच पिशवीत मोकळी न टाकता जाड कागदात बांधून, वर ‘काच’ असं लिहावं. बाटल्या वेगळ्या ठेवल्या तर भंगारात त्यांचे पैसे येतात. आणि काही सांडलं, फाटलं, तुंबलं असेल तर गादी उलटी करून झाकू नये. निघण्याची वाट न बघता त्याच वेळी जाऊन सांगावं. रात्री सांडलेली हळद रात्रीच थंड पाण्याखाली धरली तर बरीचशी निघते. ती चादर घडी घालून पलंगाखाली सारली तर ती टाकूनच द्यावी लागते.